मिकदादींचं चरित्र मराठीत लिहिताना

कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळींचा दिवाळी अंक निघतो. त्याच्या संपादक काकांनी मला इथल्या जुन्या शाळांवर लिहायला सांगितलं होतं. 1911 ची मुबारकिया शाळा, 1936 मध्ये पॅलेस्टाईनहून आलेली शिक्षकांची तुकडी, समुद्रालगतची शर्किया शाळा (तिच्या इमारतीत आता आधुनिक कलेचं संग्रहालय आहे), एवढं जमवलं की झालं, असा हिशेब होता. पण 1950 पाशी आले आणि तिथल्या शिक्षण संचालकाच्या नावावर अडकले. दरवीश अल-मिकदादी. इतिहासकार, शिक्षक, स्काउटचे पुढारी. मी शाळेत इतिहास शिकवते आणि गाइडचं पथकही माझ्याच गळ्यात आहे. काकांना फोन केला, म्हटलं, शाळा राहू द्या, या माणसावरच लिहिते. ते म्हणाले, "लिही, पण लोकांना झेपेल असं लिही."

माणूस पॅलेस्टाईनचा, नोकरी इराकमध्ये, शेवटी कुवेत, त्यामुळे माहिती सगळी विखुरलेली. मी आधी एका मोठ्या कागदावर उभी रेघ मारली. डाव्या बाजूला मिकदादी, उजव्या बाजूला त्या वर्षी आजूबाजूला काय चाललं होतं ते. चरित्र लिहिणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन, कारण उजवी बाजू भरल्याशिवाय डावीचा अर्थच लागत नाही. उदाहरणार्थ, डावीकडे होतं: तुलकरेमजवळच्या तैय्यिबे गावात जन्म, बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात शिक्षण, मग जेरुसलेमच्या अध्यापक विद्यालयात इतिहासाचे शिक्षक, आणि 1920 च्या दशकाच्या मध्याला अचानक बगदाद. अचानक का? उजवीकडे बघावं तर 1925 च्या वसंतात पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देण्याचं वचन ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते इंग्रज मुत्सद्दी लॉर्ड बाल्फोर हिब्रू विद्यापीठाच्या उद्घाटनाला जेरुसलेमला आलेले आणि अरब विद्यार्थी संपावर गेलेले. शिक्षणखातं इंग्रजांच्या हातात होतं. अशा खात्यात हा माणूस फार दिवस टिकणार नव्हताच.

बगदादलाही सुखाने राहिले नाहीत. 1927 मध्ये अनीस अल-नसूली या सहकारी शिक्षकाने उमय्यांच्या (शिया ज्यांना आपले वैरी मानतात त्या जुन्या खलिफा घराण्याच्या) राज्यावर पुस्तक काढलं, त्यावर शिया समाजात संताप उसळला आणि नसूलींची नोकरी गेली. त्यांच्या बाजूने निषेध नोंदवणाऱ्या तिघा शिक्षकांनाही घरी बसवलं, त्यात मिकदादी. पुढे ते पुन्हा इराकच्या शिक्षणखात्यात आले आणि 1931 मध्ये त्यांचं 'अरब राष्ट्राचा इतिहास' हे पाठ्यपुस्तक निघालं.

खरं काम इथून सुरू झालं. मला अरबी अक्षरं ओळखता येतात, दुकानाच्या पाट्या वाचता येतात, त्यापुढे गाडी जात नाही. आमच्या शाळेतले अरबीचे सर नाब्लुसकडचे, पण वाढले कुवेतमध्येच. 1990 पूर्वी इथे सुमारे चार लाख पॅलेस्टिनी होते, त्यातलं त्यांचं कुटुंब. आखाती युद्धानंतर बहुतेकांना जावं लागलं, हे राहिले. त्यांना पुस्तकाचं नुसतं नाव सांगितलं तर म्हणाले, "मिस, माझ्या वडिलांनी हेच पुस्तक वाचलंय." मग शनिवारी सकाळी त्यांच्याकडे बैठक बसायला लागली. ते स्कॅन केलेल्या पानावरून मोठ्याने वाचायचे, मोडक्या हिंदीत सांगायचे आणि मी वहीत मराठीत उतरवून घ्यायचे. वहिनी मध्येच वेलदोड्याची कॉफी आणून ठेवायच्या आणि "अजून तो मिकदादीच का?" असं विचारून जायच्या.

पुस्तकातला मुद्दा थोडक्यात असा: अरबस्तानच्या वाळवंटातून माणसांच्या लाटांवर लाटा बाहेर पडल्या आणि बाबिलोनी, असुरी, कनानी, फिनिशियन या त्याच लाटा. म्हणजे इस्लामच्या कितीतरी आधीपासून हा सगळा सुपीक चंद्रकोरीचा प्रदेश (इराकपासून सीरियामार्गे पॅलेस्टाईनपर्यंतचा कमानीसारखा पट्टा) अरबांचाच. ही चंद्रकोर मी दरवर्षी फळ्यावर काढते! ती कल्पना रूढ केली अमेरिकन इतिहासकार ब्रेस्टेड यांनी, आणि मिकदादींनी तिच्यावर राष्ट्राचा नकाशा रंगवला. आपल्याकडे चौथीच्या शिवछत्रपतींच्या पुस्तकावर जशा पिढ्या वाढल्या, तसं हे पुस्तक. ते नुसतं परीक्षेपुरतं वाचलं जात नाही, आपण कोण हे तिथेच ठरतं.

आणि स्काउट? मला आधी वाटलं, हा त्यांचा फावल्या वेळचा छंद असावा. पण कागदावर दोन्ही गोष्टी शेजारी मांडल्यावर दिसलं की ते एकच काम होतं. वर्गात शिकवलेला देश मुलांना पायी फिरवून दाखवायचा. बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या पोरांसाठी काढलेली चळवळ इंग्रजांच्याच राज्यात अशी उलटी वापरली गेली. मुलांना किल्ल्यावर नेऊन इतिहास सांगणाऱ्या मराठी मास्तरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सगळ्यात जड गेला तो 1936 ते 1941 चा मजकूर. मिकदादी शिकायला बर्लिनला गेले, तेही हिटलरच्या काळात. परतल्यावर ते इंग्रजविरोधी इराकी नेते रशीद अली यांच्या बाजूने होते. एप्रिल 1941 मध्ये रशीद अलींनी बंड केलं, इंग्रजांनी बसऱ्याला हिंदी फौजा उतरवल्या, मेअखेर बंड मोडलं आणि मिकदादी तुरुंगात गेले. जूनच्या पहिल्या दोन दिवसांत बगदादमध्ये ज्यूंची कत्तल झाली, ती फरहूद. पुण्यात लाल देऊळ (बगदादहून आलेल्या ससून घराण्याने बांधलेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ) पाहिलेल्या माणसाला बगदादचे ज्यू परके नाहीत, त्यामुळे हे गाळायचं नाही असं मी ठरवलंच होतं. पण त्या कत्तलीचं खापर मिकदादींच्या माथी फोडायलाही माझ्याकडे आधार नव्हता. त्यांना नाझी ठरवून मोकळं होणारे आहेत आणि बर्लिनचं नावच न काढणारेही आहेत. दोघांचंही काम सोपं आहे.

मसुदा वाचून काका म्हणाले, "अगं, पण हा माणूस चांगला की वाईट, ते सांग ना एका वाक्यात." मी नाही म्हटलं. आमची थोडी खडाजंगी झाली. शेवटी तोडगा निघाला तो असा: बंड, तुरुंगवास आणि फरहूद हे तिन्ही तारखांसकट एकाच परिच्छेदात राहतील आणि विशेषणं सगळी काढून टाकायची. काकांनीच लाल पेन घेतलं. 'थोर' गेलं, 'कट्टर' गेलं, 'द्रष्टे' तर दोन ठिकाणी होतं. लेख आखूड झाला आणि सुधारला, हे कबूल केलं पाहिजे.

अरबीच्या सरांना मी मजकूर तोंडी हिंदीत सांगितला. त्यांनी फक्त तैय्यिबेपाशी थांबवलं. 1949 च्या शस्त्रसंधीत ते गाव जॉर्डनच्या ताब्यातून इस्रायलकडे गेलं, हे मी लिहिलं नव्हतं. "ते घाला," म्हणाले, "नाहीतर तुमचे वाचक नकाशात त्याला वेस्ट बँकमध्ये शोधत बसतील." घातलं. आता काकांना पुढच्या अंकासाठी जुन्या शाळांवरचा तो मूळ लेख हवाय.