शीटवर ‘एसओएस’ लिहिलं होतं : सिकलसेलच्या दुखण्याचा आमचा अनुभव

माझा धाकटा भाऊ सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एसएस पेशंट आहे, म्हणजे आजाराचा दोष आई-वडील दोघांकडून आलेला. वय १९. गेल्या डिसेंबरात त्याला क्रायसिस, म्हणजे तीव्र दुखण्याचा झटका, आला आणि नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात आम्ही सहा दिवस काढले. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण हेच मी याआधी दुसऱ्या दोन ठिकाणीही पाहिलं आहे. दोन महिने झाले तरी त्यातली पहिली रात्र डोक्यातून जात नाही. ज्यांच्या घरी एसएस पेशंट आहे त्यांनी पुढचं काही वाचलं नाही तरी एक करा. भरती होताच ट्रीटमेंट शीट बघा. दुखण्याच्या इंजेक्शनपुढे तास लिहिले आहेत की ‘एसओएस’ (गरज पडली तर) लिहिलंय, ते विचारून घ्या.

आमचं गाव ब्रह्मपुरीकडचं. धानाचं चुरणं सुरू होतं आणि हा दोन रात्री खळ्यावर जागला. थंडी, अंगमेहनत, पाणी कमी, या तिन्ही गोष्टी त्याला चालत नाहीत हे त्यालाही माहीत आहे, पण १९ वर्षांच्या पोराला किती अडवणार? तिसऱ्या दिवशी पहाटे मांड्या आणि कंबर धरली. घरी पॅरासिटामॉल, गरम पाण्याची पिशवी आणि भरपूर पाणी देऊन दुपारपर्यंत पाहिलं. मग तालुक्याला नेलं, तिथून रेफर, ॲम्ब्युलन्स, केसपेपर, रक्त, एक्स-रे. यात कुठे काही अडलं नाही. कॅज्युअल्टीत रात्री सव्वानऊला ट्रॅमाडॉल या दुखण्याच्या जोरकस औषधाचं इंजेक्शन दिलं, साडेदहाला वॉर्डात बेड मिळाला, आणि तो झोपला. मीही खाली चादर टाकून आडवी झाले.

१ वाजून २० मिनिटांनी त्याने मला हाक मारली. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं, म्हणून वेळ पक्की आठवते.

मी टेबलाशी गेले. रात्रीच्या ड्युटीवर एकच सिस्टर होत्या. त्या रजिस्टरमध्ये लिहीत होत्या. म्हणाल्या, “आत्ताच तर खाली दिलं ना? थांबा जरा.” मी थांबले. दोन वाजता परत गेले. म्हणाल्या, “सारखं सारखं घेतलं की सवय लागते. सकाळी डॉक्टर येतील, त्यांना सांगा.” अडीचला पुन्हा गेले तेव्हा त्या उठून बेडपर्यंत आल्या. बीपी घेतलं, नाडी पाहिली. दोन्ही नॉर्मल. भाऊ कुशीवर होता, हातात मोबाईल.

“हा बघा, मोबाईल पाहतोय. ज्याला खरंच दुखतं तो असा पडून राहतो का?”

भाऊ हळूच म्हणाला, “सिस्टर, ट्रॅमाडॉल पन्नासनं काही होत नाही मले, शंभर लागते.”

आम्हाला वाटलं, यामुळे त्यांना मदत होईल. झालं उलटंच. “नावं, डोस सगळं पाठ आहे याला,” त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. मग विचारलं, “गाव कोणतं? कोणत्या समाजाचे तुम्ही?” विदर्भात सिकलसेल म्हटलं की हा प्रश्न येतोच. बौद्ध, गोंड, माडिया, परधान यांच्यात हा आजार जास्त आहे, हे खरं. तो इतर जातींतही आढळतो, हेही खरं. तपासणीच्या शिबिरात कोणी जात विचारली तर मी सांगेन. रात्री अडीच वाजता, पोरगा दुखण्याने आखडलेला असताना, त्या प्रश्नाचा इंजेक्शनशी काय संबंध होता, ते मला अजून कळलेलं नाही.

मधुमेहाच्या पेशंटला आपलं इन्सुलिन किती युनिट ते तोंडपाठ असलं की त्याला समजूतदार म्हणतात. माझ्या भावाला आठव्या महिन्यात पहिल्यांदा हातापायांवर सूज आली, तेव्हापासून तो हे दुखणं काढतोय. दरवर्षी दोन-तीनदा भरती. त्याला आपलं औषध माहीत नसेल तर कोणाला असेल? पण त्याच्या तोंडून औषधाचं नाव निघालं आणि त्याच्यावर शिक्का बसला.

त्या गेल्यावर मी खाली वाकून त्याचा मोबाईल पाहिला. स्क्रीनवर खळ्यावरचा एक फोटो होता, तणसाच्या ढिगापुढे उभे असलेले त्याचे दोन मित्र. तो फोटो पुढे सरकत नव्हता. स्क्रीन मंद व्हायला लागली की तो अंगठा टेकवायचा, पुन्हा तोच फोटो उजळायचा. अंगठा इतका दाबून धरलेला की नखाची कड पांढरी पडली होती. डिसेंबरच्या थंडीत वरच्या ओठावर घाम होता. पायाची बोटं आत वळलेली. मी म्हटलं, “जोरात ओरड ना रे, त्यांना कळेल तरी.” तो म्हणाला, “ओरडलो की अंग हलते ताई. हललं की अजून दुखते.”

सिकलसेलचं दुखणं कुठल्या रिपोर्टात दिसत नाही, हीच सगळी अडचण आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांमध्ये अडकतात, हाडाला रक्त पोचत नाही, आणि ते हाड ठणकायला लागतं. त्याच दिवशी काढलेल्या एक्स-रेत बहुतेक वेळा काही येत नाही. हिमोग्लोबिन त्याचं एरवीही कमीच असतं. बीपी आणि नाडी नॉर्मल असू शकतात. किती दुखतंय हे सांगणारी रक्ताची तपासणीच नाही. फक्त पेशंटचं सांगणं असतं. आणि ज्याने लहानपणापासून हे काढलंय तो रडत नाही, कधी मोबाईल बघतो, कधी गप्पाही मारतो, कधी दमून झोपतोसुद्धा. म्हणून दुखत नाही असं होत नाही.

मी खाली कॅज्युअल्टीत डॉक्टरांना शोधायला गेले. ते दुसऱ्या पेशंटमध्ये होते. म्हणाले, “शीटवर लिहिलंय मी, सिस्टर देतील.” वर आले. सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टरांनी एसओएस लिहिलंय. म्हणजे गरज पडली तर. मला गरज वाटत नाही.” परत खाली. डॉक्टर ऑपरेशन थिएटरकडे गेलेले. परत वर. तीन वेळा मी तो जिना चढले-उतरले. पायऱ्यांवर लोक झोपलेले, त्यांना ओलांडून जावं लागे.

पहाटे पाचच्या सुमाराला मावशी चादर बदलायला आल्या. त्यांनी त्याला कुशीवरून वळवलं आणि तो किंचाळला. सगळा वॉर्ड उठून बसला. ५ वाजून १० मिनिटांनी इंजेक्शन मिळालं.

१ वाजून २० मिनिटं ते ५ वाजून १० मिनिटं. जवळजवळ चार तास. तो नीट मागत होता तोवर मिळालं नाही, किंचाळला तेव्हा मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर पुन्हा ठणकायला लागली तेव्हा त्याने मला विचारलं, “ताई, ओरडू का?” तेव्हा मला रडू आलं. आदल्या रात्री आलं नव्हतं.

सिस्टरांची बाजू मला दिसत नाही असं नाही. मी बेड मोजले, ४३ होते, शिवाय खाली गाद्यांवर पेशंट होते. एवढ्यांना एक बाई. ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय. तिथे ते कपाटात कुलपात असायचं, रजिस्टरमध्ये नोंद, रिकामी कुपीसुद्धा मोजून द्यायची. हिशेब चुकला तर मेमो सिस्टरला. चौथ्या रात्री त्याच सिस्टर पुन्हा ड्युटीवर होत्या आणि त्यांनी स्वतःहून सांगितलं, की पूर्वी एका पेशंटला दुखण्याचं इंजेक्शन दिल्यावर त्याचा श्वास मंदावला होता, तेव्हापासून रात्रीच्या वेळी हात धजत नाही. ही भीती खरी आहे, मी मानते. पण भीती वाटत होती तर श्वास मोजायचा, ऑक्सिजन बघायचा, डॉक्टरांना फोन करायचा. “सवय लागते” आणि “समाज कोणता” हे त्या भीतीतून आलेलं नव्हतं. आणि उशिराचाही धोका असतो. छातीच्या फासळ्या दुखत असल्या की पेशंट वरवर श्वास घेतो, मग फुप्फुसात गुंता होतो. सिकलसेलमध्ये तो जिवावर बेततो. ताप आला, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर घरी एक तासही थांबू नका, हे इथेच सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या राऊंडला मोठे डॉक्टर आले. मी फाईल पुढे करून एवढंच म्हटलं, “सर, एसओएसच्या ठिकाणी तास लिहून द्याल का?” त्यांनी एकदा भावाकडे पाहिलं, एसओएस खोडलं, ट्रॅमाडॉल दर सहा तासांनी आणि मधल्या वेळेत पॅरासिटामॉल असं लिहिलं. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यानंतर प्रत्येक इंजेक्शन वेळेवर मिळालं. त्याच सिस्टरांनी चौथ्या रात्री १० ला दिलं, ४ ला दिलं, एक शब्द न बोलता. म्हणजे तास लिहिलेले असले की ते देणं त्यांचं काम होतं. एसओएस असलं की पेशंट खरा की खोटा हे ठरवणं त्यांच्या गळ्यात पडत होतं. त्यांनी ते कसं ठरवलं ते वर लिहिलंच आहे. पेशंटला मात्र मागावं लागतं, आणि जो वारंवार मागतो तो व्यसनी दिसायला लागतो.

घरी आल्यावर चीड शांत होईना म्हणून मी बरंच वाचलं. इंग्लंडमध्ये नाइस या सरकारी संस्थेने २०१२ साली सांगून ठेवलंय, की सिकलसेलचा पेशंट दुखणं घेऊन आला तर ३० मिनिटांच्या आत दुखण्याचं औषध मिळालं पाहिजे आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिलं पाहिजे. अमेरिकेत २०१४ च्या सूचनांत एक तास दिलाय. तिथे हा आजार बहुतेक कृष्णवर्णीयांत आहे, आणि तिथले पेशंटही हेच सांगतात, की आम्हाला व्यसनी समजतात. हे वाचून बरं वाटलं असं म्हणणार नाही, पण आपण फार मागत नव्हतो एवढं पक्कं झालं. आपल्याकडे १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, २०४७ चं लक्ष्य आहे. गावात तपासणी झाली, माझी स्वतःची एएस निघाली, म्हणजे मी वाहक आहे. हे काम चांगलंच आहे. जे आज एसएस आहेत त्यांच्या रात्रीच्या वॉर्डाकडेही त्याच जोमाने कोणी पाहायला हवं.

त्याच दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी जीएनएमची (नर्सिंगची) एक विद्यार्थिनी आली, विशीतली. तिने स्टूल ओढलं, भावाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसली आणि विचारलं, “शून्य ते दहात किती दुखतंय? मागच्या वेळी कशानं थांबलं होतं?” सहा दिवसांत हा दुसरा प्रश्न विचारणारी ती एकटीच. तिनेच तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र आणून दिलं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर उचलायच्या, जागेपणी दर तासाला दहा वेळा. पहिल्या दिवशी एकच गोळी हलली. डिस्चार्जच्या दिवशी त्याने तिन्ही उचलून धरल्या आणि तिला दाखवायला तो वॉर्डभर शोधत फिरला. तिची ड्युटी बदलली होती.

आता बाकीचं, जसं आठवतंय तसं. हायड्रॉक्सियुरियाच्या (सिकलसेलच्या नेहमीच्या) गोळ्या घरून सोबत न्या आणि भरती झाल्यावर त्या चालू ठेवायच्या का ते विचारा. आमच्या दोन दिवस अशाच बुडाल्या. सलाईनच्या भरवशावर राहू नका, पाणी तोंडानेही पाजत राहा. डायक्लोफेनॅक हे दुखण्याचं औषध लिहिलं तर किडनीचा रिपोर्ट दाखवा. इलेक्ट्रोफोरेसिसच्या (एसएस की एएस ते सांगणाऱ्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टाची झेरॉक्स फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा, साध्या सोल्युबिलिटी टेस्टवर एसएस की एएस ते कळत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. एसटीचा प्रवासही एसएस पेशंटला मोफत आहे, कागद डेपोत विचारा.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट, ओपीडीच्या डॉक्टरांचं पत्र. बरं असताना ओपीडीला जा आणि एका पानावर लिहून मागा: एसएस पेशंट आहे, क्रायसिसमध्ये अमुक औषध, अमुक डोस, इतक्या तासांनी, ऑक्सिजन इतक्याच्या खाली गेला तर काय करायचं. खाली सही, शिक्का, तारीख. आमचं पत्र जानेवारीत मिळालं. त्याच्या तोंडून निघालेला डोस संशयाचा होता आणि तोच डोस शिक्क्याच्या कागदावर चालतो, याचा मला आजही राग येतो. पण रात्री दोन वाजता राग कामाला येत नाही, कागद येतो. पत्र लॅमिनेट करून घेतलंय, आणि फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये आहे.

मागच्या आठवड्यात पुन्हा दुखलं, या वेळी खांदा आणि पाठ. आम्ही रात्री तालुक्याच्याच दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टरांनी पत्र वाचलं, घड्याळ पाहिलं, डॉक्टरांना फोन लावला आणि भावाकडे वळून विचारलं, “आता किती आहे, दहापैकी?”

“आठ.”

त्यांनी कागदावर आठ लिहिलं. ३५ मिनिटांत इंजेक्शन मिळालं. तो ओरडला नव्हता.