आमची वाटचाल: प्लॉटच्या हद्दींपासून पांढरीच्या टेकाडांपर्यंत

आमची सुरुवात मोजणीच्या नकाशांनी झाली. रस्ते, कालवे, प्लॉटच्या हद्दी. दोन माणसं, दोन संगणक आणि नकाशे बनवायचं मोफत सॉफ्टवेअर, क्यूजीआयएस. पुढे एक संशोधक आले. दूरच्या कोरड्या प्रदेशातली जुन्या वस्त्यांची टेकाडं, म्हणजे आपण ज्यांना पांढर म्हणतो ती, त्यांना नकाशावर हवी होती.

तेव्हा कोरोना या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रं पहिल्यांदा हाताळली. १९६० ते १९७२ या काळातली ही आठ लाखांहून अधिक चित्रं १९९५ मध्ये खुली झाली. नंतर धरणाखाली, नांगराखाली गेलेली जमीन त्यांत शाबूत दिसते. मात्र फिल्मची पट्टी लांबट आणि कडांना चित्र ताणलेलं. आजच्या नकाशावर ती बसवायची तर दोन्हींत ओळखू येणारे तिठे, खडक शोधून कंट्रोल पॉइंट, म्हणजे जुळणीच्या खुणा, द्याव्या लागतात. एकेका पट्टीत आठवडा जायचा. नव्या माणसाला मी आजही हेच काम आधी देतो. डोळा त्यातच तयार होतो.

मग कृत्रिम बुद्धिमत्ता आली. आम्ही मॉडेलला टेकाडांचे शेकडो नमुने दिले, आणि त्याने वीटभट्ट्या, मातीचे ढीग, ढगांच्या सावल्यासुद्धा टेकाडं म्हणून दाखवल्या. टेकाड नसलेलं काय, हे आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं. टेकाड नसलेल्या जागांचेही नमुने आणि उंचीची माहिती दिल्यावर फरक पडला.

तरी मोठी चूक माझीच झाली. मॉडेलने दाखवलेल्या जागांची एक यादी घाईत न तपासता पाठवली. संशोधकांची तुकडी दिवसभर चालून एका जागी पोहोचली, तर तो कालव्यातून उपसलेल्या गाळाचा ढीग निघाला. जुन्या कोरोना पट्टीवर तिथे सपाट जमीन होती. पाच मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून प्रत्येक खूण जुन्या चित्राशी ताडून, दोघांनी पाहूनच पुढे जाते.

पेरूतल्या नाझ्का पठारावर यामागाता विद्यापीठाच्या चमूने एआयच्या मदतीने ३०३ नवी भूचित्रं, म्हणजे जमिनीवर प्राचीन काळी काढलेली मोठी चित्रं, शोधली. तिथेही एका आशादायक जागेसाठी एआयने सुचवलेल्या सरासरी ३६ जागा चाळाव्या लागल्या आणि मग पायी जाऊन खात्री करावी लागली. हे वाचून मला फार धीर आला.

नेमके अक्षांश-रेखांश आम्ही फक्त संशोधकांनाच देतो. यादी बाहेर गेली की चोरटे खोदणारे आधी पोहोचतात.