पाटीखालची बारीक अक्षरं

शनिवारची सकाळची माझी अर्धा तासाची बैठक ठरलेली: चहा, यादी आणि दुकानाचं ॲप. इथे न्यू जर्सीत येऊन समजलं की कुपन नुसतं दिसून भागत नाही, त्यावर बोट दाबून ते आपल्या खात्यात घ्यावं लागतं, तरच बिलात वजा होतं. एक कुपन कंपनीचं, एक दुकानाचं; काही ठिकाणी एकाच वस्तूवर दोन्ही चालतात. आज ओट्स, दही, डिटर्जंट, सगळं यादीतलंच घेतलं आणि १७ डॉलर वाचले. जे लागत नाही ते कुपन आहे म्हणून घ्यायचं नाही, हा आईचा नियम मी इथेही पाळते.

पण आज काउंटरवर जीव कळवळला. माझ्या पुढे एक आजोबा होते. पाटीवरचा भाव बघून त्यांनी अंडी घेतली होती, बिलात मात्र भाव जास्त लागला. पाटीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'फक्त डिजिटल कुपनवर'. त्यांच्याकडे साधा फोन. मी माझं कुपन लावायला सांगितलं, तर म्हणाले, "मग तुला काय उरेल?"

सॅन डिएगो शहराने २०२५ मध्ये नियम केला: डिजिटल सवलत द्याल, तर तीच कागदावरही द्या. इथे न्यू जर्सीतही तो हवाच. तोवर, मंडळी, रांगेत असं कुणी दिसलं तर आपला फोन पुढे करा. आजोबांनी शेवटी अंडी घेतली, माझ्याच कुपनवर.