स्टॉपर गेला आणि गोल आटले

दहावीच्या वर्षी जिल्ह्यात सगळ्यात जास्त गोल आमच्या शाळेच्या फुटबॉल संघाचे होते, आणि त्याच वर्षी उपांत्य सामन्यात एकही गोल न करता आम्ही हरलो.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या लढती बघत वाढलेली आम्ही पोरं. गोल मारील त्याला खांद्यावर घ्यायचं, एवढंच फुटबॉल आम्हाला कळायचं. उपांत्यपूर्व फेरीत आमच्या स्टॉपरचा, म्हणजे मधल्या बचावपटूचा, घोटा मुरगळला. पाय इतका सुजला, की बूट निघाला तरी मोजा निघेना. शेवटी सरांनी तो कात्रीनं कापला. पुढच्या सामन्यात मधल्या फळीतल्या सेंटर हाफला त्याच्या जागी मागं घेतलं. त्यानं बचाव चोख केला. पण बॉल थांबवून, मान वर करून पास देणारा आमच्यात तोच एकटा होता. मी लेफ्ट आऊटला, म्हणजे पुढं डाव्या कडेला. माझ्याकडं बॉल यायचा तो डोक्यावरून, थेट लाइनच्या बाहेर. उत्तरार्धात आमचे फॉरवर्ड बॉल शोधत मागं यायला लागले, मग समोरच्यांच्या गोलपुढं आमचं कुणी उरलंच नाही. कॉर्नरवर एक गोल खाल्ला आणि संपलं. सगळे फॉरवर्डवर तुटून पडले. सर एवढंच म्हणाले, "त्यांना बोलू नका. बॉल देणारा कुठं होता?"

सरांचं ते बोलणं मला नीट उमगलं ते इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचा २०२०-२१ चा हंगाम बघताना. गतविजेता संघ. ऑक्टोबरमध्ये एव्हर्टनविरुद्ध व्हॅन डाइकचा गुडघा गेला, नोव्हेंबरमध्ये गोमेझ, जानेवारीअखेर माटिप. तिघेही स्टॉपर. भगदाड बुजवायला फाबिन्यो आणि हेंडरसन मधल्या फळीतून मागं आले. सालाह, माने, फिर्मिनो पुढं होतेच, तरीही सलग ४ लीग सामन्यांत एक गोल झाला नाही. अ‍ॅनफिल्ड या घरच्या मैदानावर लीगमध्ये सलग ६८ सामने न हरलेला हा संघ २१ जानेवारीला बर्नलीकडून हरला आणि तो सामना धरून तिथं लीगमध्ये ओळीनं ६ सामने गमावून बसला. गोल आटले म्हणून लोकांनी बोट दाखवलं पुढच्या तिघांकडं. माझ्या मते खरं नुकसान मधल्या फळीत झालं होतं.

सर आम्हाला १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची गोष्ट सांगायचे. जर्नेलसिंग आपला खंदा बचावपटू. त्याच्या डोक्याला टाके पडले. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला बसवलं नाही, सेंटर फॉरवर्डला खेळवलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध एक गोल पीके बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलचा. २-१, सुवर्णपदक! आज टाके घातलेल्या पोराला मैदानात उतरवू नये, हे मी ठासून सांगेन. पण दुखापत झाल्यावरही गोल कुठून येणार याचा विचार रहीमसाहेबांनी आधी केला, हे मला फार मोठं वाटतं.

त्या पराभवानंतर सरांनी सरावात प्रत्येकाला दोन जागांवर खेळवायला सुरुवात केली. स्टॉपरला हाफला, हाफला फॉरवर्डला. आम्ही कुरकुरलो, पण पुढच्या बॅचनं त्याच स्पर्धेची ढाल जिंकून आणली.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्ही माजी खेळाडू वर्गणी काढतोय. नवे जर्सी-बूट घ्यावेत असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. माझा आग्रह वेगळा आहे: हंगामभर आठवड्यातून दोनदा मैदानावर येणारा फिजिओ नेमावा, आणि राखीव पोरांनाही पूर्ण सामने मिळावेत म्हणून शाळेचा 'ब' संघ सुरू करावा. पहिल्या वर्षाचा फिजिओचा खर्च माझ्याकडं लागला.