गाठ सापडल्यापासून निदान होईपर्यंतचे ५२ दिवस

तीस वर्षांवरील सर्वांचा आरोग्याच्या प्रश्नांचा तक्ता भरण्यासाठी आमच्या गावच्या आशाताई घरी आल्या, तेव्हा ‘स्तनात गाठ आहे का’ या प्रश्नाला मी ‘नाही’ असे उत्तर दिले, कारण समोर सासूबाई आणि मोठा मुलगा बसले होते. गाठ दुखत नव्हती, म्हणून तीन महिने मी ती अंगावर काढली होती. आशाताईंनी माझा चेहरा ओळखला असावा. दोन दिवसांनी त्या मला एकटीला उपकेंद्रात घेऊन गेल्या, सिस्टरांनी पडदा ओढून हाताने तपासले आणि सुपारीएवढी गाठ त्यांच्या बोटांना लागली.

त्यानंतरचे ५२ दिवस मात्र चिठ्ठी घेऊन फिरण्यात गेले. एका ठिकाणी सोनोग्राफीचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत, दुसरीकडे मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, झाली पण बायोप्सीसाठी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्यासाठी, आणखी पुढे पाठवले गेले, आणि प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर काढून तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले. एसटीत मला निम्मे तिकीट लागे, तरी सोबत येणाऱ्या पतींची मजुरी दर खेपेला बुडत होती. तिसऱ्या खेपेनंतर मी जाणे सोडूनच दिले होते; वहीत माझे नाव लिहून ठेवलेल्या आशाताई पुन्हा दारात आल्या नसत्या, तर दुसऱ्या टप्प्यावरचा माझा कर्करोग घरातच वाढला असता.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानेच तपासणी केली, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढील स्त्रियांचे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. म्हणजे गावोगावी मॅमोग्राफीचे यंत्र येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेतही तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची ही तपासणी सांगितली आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातील एकीचीही स्तनतपासणी झालेली आढळली नाही.

शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाल्यावर मी ग्रामसभेत लेखी अर्ज दिला. उपकेंद्राच्या चिठ्ठीवर पुढच्या रुग्णालयातली तारीख आणि तिथे भेटायच्या व्यक्तीचे नाव लिहिलेले असावे, आणि त्या तारखेला बाई पोहोचली नाही, तर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी तिच्या घरी जावे, एवढेच मी त्यात मागितले आहे.