किती कॉर्ड येतेत?

लातुरात मी क्लासिकल गिटार शिकवतो हे कळलं की नवा माणूस हमखास विचारतो, "सर, किती कॉर्ड येतेत तुम्हाला?" पोरं विचारतात, पोरांचे वडील तर फी ठरवण्याआधी विचारतात. आमचं गाव शिकवण्यांचं. किती धडे झाले, किती प्रश्न सोडवले यावर इथं हुशारी मोजतात, त्यामुळे प्रश्नाचं नवल वाटत नाही. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे तीन-चार स्वर. त्यांचे बोटांचे आकार पाठ व्हायला फार वेळ लागत नाही. मोबाइलवर तक्ते ढिगानं पडलेत. घोडं अडतं ते एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना, आणि माझा बहुतेक रियाज तिथंच चालतो. मौरो जुलियानी या इटालियन वादकानं 1812 मध्ये व्हिएन्नात गिटारच्या अभ्यासाचं पुस्तक छापलं. त्यात उजव्या हाताचे 120 धडे आहेत आणि ते सगळेच्या सगळे दोनच कॉर्डवर, सी आणि जी सेव्हन. आजही जगभर ते गिरवतात.

त्या दोन कॉर्डमध्ये एवढं काय आहे? पेटीवरच्या पांढरी एकचा सा धरा, आणि तारा सगळ्यात बारीक तारेपासून मोजा. सी म्हणजे सा, ग, प. जी सेव्हन म्हणजे प, नि, रे, म. सी धरली की दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पहिल्या आडव्या पट्टीला, डाव्या हाताची तर्जनी असते, तो सा. पहिली तार मोकळी, तो ग. जी सेव्हनला तीच तर्जनी पहिल्या तारेवर सरकते. दुसरी तार मोकळी होऊन सा उतरून नि होतो आणि ग चढून म होतो. तिसऱ्या तारेवरचा प जागचा हलत नाही. आता परत फिरा. नि साकडे ओढ घेतो, म गकडे. दोघं घरी पोचले की कान निवतो. नि लावून थांबलेला गवई ज्यांनी ऐकलाय, त्यांना ही ओढ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

म्हणून कॉर्ड हा बोटांचा आकार न समजता चार गळे समजायचे. उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारेवर, तर्जनी तिसरीवर, मधलं बोट दुसरीवर, अनामिका पहिलीवर. चारही तारा एकदम छेडायच्या, पण एकच मोठी वाजली पाहिजे. आधी अनामिका, कारण वरचा स्वर कान आपसूक धरतो. मग मधलं बोट, आणि इथं घाम फुटतो. सा, नि, सा ही मधली चाल बाकीच्या तिघांतून वर काढायची आणि तोंडानं तीच म्हणायची. नव्या पोरांचा गळा हटकून पहिल्या तारेमागं पळतो. तो मधल्या चालीवर टिकला की मी तिसरी कॉर्ड देतो. उन्हाळ्यात हा रियाज पहाटेच. दिवसा कूलर लावला की मधले दोन आवाज त्याच्या घरघरीत बुडतात.

पेटीवाल्या मंडळींचं एक म्हणणं असतं की हे विलायती, आपल्याकडं कॉर्ड कुठं? खरंय, नाहीत. पण स्वरांच्या जोडीचा विचार मात्र आपल्या मराठवाड्यातच झालाय. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. ज्या दोन स्वरांमध्ये आठ किंवा बारा श्रुती, म्हणजे स्वरांमधली बारीक अंतरं, पडतात ते एकमेकांचे संवादी, असं त्यात आहे. सा-म, सा-प. ते एकदम वाजवायचे असं तो म्हणत नाही, तेव्हा उगाच ओढूनताणून श्रेय घेऊ नये.

गाणं शिकलेल्या कानाला गिटारचा ग खुपतोच. तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गापेक्षा तो चढा असतो. जी कॉर्डमध्ये मोकळी दुसरी तार हा तिचा ग. ती कॉर्ड गोड लागावी म्हणून ही तार किंचित उतरवाल, तर इ कॉर्डमध्ये तीच तार पंचम असते, तो पडतो. फ्रेट पक्के आहेत, तडजोड करावीच लागते.

तिसरी कॉर्ड एफ. सहाही तारा एका बोटाखाली दाबायच्या, याला बार म्हणतात, आणि इथंच बरीच पोरं गिटार भिंतीला टांगतात. पहिल्या चारच तारा घेतल्या तर दुसरी भानगड होते: सीवरून एफवर जाताना चौथी आणि पहिली, दोन्ही तारा ग वरून म वर जातात. पाश्चात्त्य स्वरसंवादात हे टाळतात, कारण दोन गळे एकच चाल म्हणू लागले की चाराचे तीनच उरतात. आपल्या भजनात नेमकं उलट, सगळे एकच चाल म्हणतात, कुणी सप्तक खाली, कुणी वर, आणि तेच हवं असतं.

माझा मार्ग असा: पाचव्या तारेवरचा सा सोडायचाच नाही. तर्जनी आडवी करून पहिल्या दोनच तारा दाबायच्या, मधलं बोट चौथीवरून तिसरीवर घ्यायचं आणि चौथी तार वाजवायचीच नाही. खर्जातला सा तोच, दुसऱ्या तारेवरचा सा तोच, फक्त प चा ध आणि ग चा म. खर्जात म हवा असेल तर पूर्ण बार लागतो, पण तो बोटात बळ आल्यावर.