ड्रमवरचा ‘इन’

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. गेल्या मे महिन्यात सॉल्व्हंट गोडाऊनचे पत्रे बदलायचं काम ठेकेदाराकडे होतं. सकाळच्या फेरीत मी मागच्या बाजूला गेले, तर एक मुलगा ग्राइंडरची वायर सोडत होता आणि त्याच्यापासून चार हातांवर टोल्युइन या सॉल्व्हंटचे, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवाचे, ड्रम उभे होते. हॉट वर्क परमिट, म्हणजे ठिणग्या उडणाऱ्या कामाचा परवाना, पलीकडच्या मोकळ्या जागेचं होतं, इथलं नव्हतंच. मी जोरात ओरडले. त्याने मुकाट्याने प्लग काढला.

“ड्रमवर काय लिहिलंय ते वाचलंस का?”

“वाचलं ना मॅडम. इनफ्लेमेबल. म्हणजे पेट न घेणारं. म्हणून तर इथं बसलो, सावली आहे.”

मला पुढे बोलताच येईना. बीडकडचा मुलगा, आयटीआय झालेला. दहावीला सरांनी त्याला शिकवलं होतं, की शब्दाआधी ‘इन’ लागला की अर्थ उलटा. कम्प्लीट, इनकम्प्लीट. करेक्ट, इनकरेक्ट. ते त्याने नीट लक्षात ठेवलं होतं आणि अगदी तसंच लावलं होतं.

टोल्युइनला ठिणगीने पेट घ्यायला ४ अंश सेल्सिअस तापमानही पुरतं. मे महिन्यात पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. शिवाय त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत दूरवर जाते. चार हात म्हणजे काहीच नाही.

त्या दिवशी घणसोलीला घरी आले तरी डोक्यातून तो शब्द जाईना. जेवण झाल्यावर कोश काढून बसले. सरांचा नियम खोटा नाही. लॅटिनमधला नकाराचा ‘इन’, इंग्रजीचा स्वतःचा ‘अन’, ग्रीकमधला ‘अ’ किंवा ‘अन’ आणि आपल्या संस्कृतातला ‘अ’ किंवा ‘अन्’ ही सगळी एकाच घरातली भावंडं. आपण पूर्णला अपूर्ण म्हणतो, पण इच्छेच्या आधी स्वर आला म्हणून अनिच्छा म्हणतो. लॅटिनचा ‘इन’ही पुढचं अक्षर बघून बदलतो, म्हणून इम्पॉसिबल आणि इल्लीगल. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. शाळेत कोणी हे असं जोडून दाखवलं नव्हतं.

पण लॅटिनमध्ये ‘इन’ आणखी एक आहे, ‘आत’ अशा अर्थाचा. इनफ्लेमेबलमधला ‘इन’ हा तो. लॅटिनमध्ये ‘इनफ्लामारे’ म्हणजे आग लावणे, आणि त्यावरून आलेला इनफ्लेमेबल म्हणजे सहज पेटणारा. मराठीत ‘निमग्न’ म्हणजे न बुडालेला नव्हे, पार आत बुडालेला. तसंच हे. ‘अघोर’ तर आणखी जवळचं उदाहरण. संस्कृतात ते शंकराचं नाव, जो घोर नाही तो. मराठीत आपण अघोर म्हणतो ते भयंकराला. आपण गोंधळत नाही, कारण हा शब्द कानावरून शिकलो. त्या मुलाने त्याचा शब्द नियमावरून शिकला.

हा घोटाळा फक्त आपल्याकडे झाला असंही नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही फसायचे. म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकापासून ‘इन’ काढून नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहा असा आग्रह धरला. आता आंतरराष्ट्रीय नियमांत लाल चौकटीवर ज्वाळेचं चित्र असतं आणि शब्द फ्लेमेबल असतो. आपल्याकडे मात्र कायद्याचंच नाव इनफ्लेमेबल सबस्टन्सेस ॲक्ट, १९५२. ठाणे-बेलापूर रस्त्यावर सिग्नलला थांबलं की पुढच्या टँकरच्या पाठीवर हातभर अक्षरांत ‘हायली इनफ्लेमेबल’ दिसतं. त्याच्या मागे उभ्या असलेल्या किती जणांना तो ‘इन’ कळत असेल, हा विचार माझ्या मनात आता दर वेळी येतो.

आमच्याकडच्या एका जुन्या फिटरची आठवण इथे सांगते. निवृत्तीच्या वेळी त्यांना जे पत्र मिळालं त्यात ‘इनव्हॅल्युएबल सर्व्हिस’ असं होतं. चार दिवसांनी त्यांच्या पत्नीचा मला फोन आला. आवाज जड झालेला. “ताई, एकतीस वर्षं राबले हो, आणि किंमत नाही असं लिहून दिलं?” मी त्यांना म्हटलं, वहिनी, हे आपल्या ‘अमूल्य’सारखं आहे, मोल करताच येणार नाही इतकं मोठं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मग मराठीतच लिहायचं होतं ना.” त्यांचं अगदी बरोबर होतं.

‘डिसइंटरेस्टेड’चंही असंच. चौकशी समितीत तसा सदस्य हवा म्हणतात तेव्हा तो निःपक्षपाती हवा असतो, कंटाळलेला नव्हे.

मला खरी भीती वाटते ती ‘अनलॉकेबल’ची. दुरुस्तीच्या वेळी आम्ही व्हॉल्व्हला कुलूप घालतो आणि टॅग लावतो, म्हणजे आत माणूस असताना कोणी लाइन चालू करू नये. एकदा बाहेरून आलेल्या यादीत सहा व्हॉल्व्हपुढे ‘अनलॉकेबल’ लिहिलं होतं. मी समजले, यांना कुलूप बसतच नाही, साखळी लागेल. शिफ्ट इन्चार्ज समजले, यांचं कुलूप काढता येतं, म्हणजे मोकळे आहेत. दोघांचंही इंग्रजी चुकलं नव्हतं. ‘अन’ हा ‘लॉकेबल’ला लावा किंवा आधी ‘अनलॉक’ करून त्याला ‘एबल’ लावा, शब्द तोच राहतो. आम्ही यादी हातात घेऊन एकेका व्हॉल्व्हपाशी जाऊन आलो, तेव्हा कुठे मी सही केली. तेव्हापासून आमच्या यादीत ‘कुलूप बसत नाही’ असं सरळ मराठीत लिहिलं जातं.

ग्राइंडरच्या प्रकाराचा निअर मिस रिपोर्ट, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा अहवाल, भरताना ‘कारण’ या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहा असं मला वरून सांगण्यात आलं. मी लिहिलं नाही. परमिटची जागा सोडून काम सुरू केलं ही चूक होतीच, ती लिहिली, आणि त्याच्यावर देखरेखीला कोणी उभं नव्हतं हेही लिहिलं. पण त्या मुलाने ड्रमवरचा शब्द थांबून वाचला होता. वाचून अर्थ लावणाऱ्याला मी निष्काळजी म्हणणार नाही. कारण म्हणून मी तो शब्द लिहिला आणि उपाय म्हणून मराठी-हिंदी पाट्या मागितल्या. यावर बरीच बोलाचाली झाली, पण पाट्या मंजूर झाल्या.

स्टेन्सिल त्याच मुलाने कापलं. ‘ज्वालाग्राही’ हा शब्द मी कागदावर काढून दिला होता. तो म्हणाला, “मॅडम, हाही वाचून कळायला वेळ लागतो. ‘पेट घेतो’ लिहू का?” आम्ही ‘पेट घेतो’ लिहिलं, खाली ज्वाळेचं चित्र, त्याखाली ‘ठिणगी आणू नका’. गोडाऊनपासून लांब, मोकळ्या पटांगणात त्याने दिवसभर पाट्या रंगवल्या.

दुसऱ्या दिवशी पाट्या लावताना तो ड्रमवरचं लेबल पुन्हा वाचत थांबला. तिथे खाली बारीक अक्षरांत ‘डू नॉट इनहेल’ होतं. त्याने त्यावर बोट ठेवलं.

“मॅडम, यातला इन कुठला?”

“आतला,” मी म्हटलं. “श्वास आत घेऊ नका.”

त्याने खिशातून मार्कर काढला आणि पाटीवर आणखी एक ओळ लिहायला घेतली.